काटा जागचा हलत नाही, मशीन घाबरवतं आणि जीन्स मात्र सैल होते: यातलं खरं काय धरायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, बँकेत बैठं काम. बारा आठवडे झाले, आठवड्यातून चार दिवस जिम चालू आहे. वजन ६८.४ होतं, आता ६७.९. जिमच्या मशीनवर फॅट ३६.२ टक्के होतं ते ३७.१ झालं, 'मसल' कमी दाखवले आणि शरीराचं वय ५३ असं छापून आलं. दुसरीकडे कंबर ९४ वरून ८८ झाली, जुनी जीन्स सैल होते आणि लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलायचं मशीन) ४० किलोवरून ९० किलोपर्यंत गेलात. ट्रेनर म्हणतो मसल जळायला लागलेत, आधी दोन महिन्यांचं फॅट लॉस पॅकेज घ्या आणि जेवण हजार कॅलरीवर आणा. यजमान म्हणतात, मी काहीच करत नाही, माझं वजन ६४, मीच तुझ्यापेक्षा फिट. आणि तुम्ही विचारताय की जिम सोडून द्यावी का.

सोडू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत असं की तुमची चरबी बऱ्यापैकी उतरली आहे, स्नायू टिकले आहेत आणि कदाचित थोडे वाढलेही आहेत. मशीनचा कागद बाजूला ठेवायला हरकत नाही. हे मत कशावर उभं आहे आणि कुठे चुकू शकतं, ते आता सांगतो. मी कोल्हापुरात गेली बरीच वर्षं तालमीतल्या पोरांबरोबर आणि चाळिशी-पन्नाशीतल्या साध्या नोकरदार माणसांबरोबर काम करतो. हा गोंधळ दोन्हीकडे सारखाच असतो.

मूळ अडचण अशी की तुमच्याकडे चार आकडे आहेत, आणि त्यातल्या एकानेही फॅट किंवा मसल थेट मोजलेले नाहीत. काट्याने सगळं मिळून वजन सांगितलं. टेपने घेर सांगितला. लेग प्रेसने ताकद सांगितली. मशीनने तर विजेला शरीरातून जाताना किती अडथळा झाला एवढंच मोजलं, बाकीचा कागद हिशेबाने भरला. प्रत्येकाकडून त्याला जेवढं कळतं तेवढंच ऐकायचं.

काट्यापासून सुरुवात करू. काट्याला हाडं, रक्त, पोटातलं जेवण, मूत्राशयातलं पाणी सगळं एकच. त्यातला सर्वांत चंचल भाग पाण्याचा. आपण भात-भाकरी खातो त्यातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवतं. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा, पण प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणजे साठा पूर्ण भरलेला आणि पूर्ण रिकामा यात दीड-दोन किलोंचा फरक निव्वळ याचाच. 'आठ दिवसांत तीन किलो' अशा जाहिराती यावरच चालतात: भात-पोळी बंद केली की पहिल्या आठवड्यात हे पाणी निघून जातं, गिऱ्हाईक खूश, पुढच्या महिन्याची फी जमा. त्यात मिठाची भर. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा आणि भात मनसोक्त झाला की सोमवारी काटा एक-सव्वा किलो वर असतो. तेवढी चरबी एका रात्रीत चढायची तर रोजच्या जेवणावर आणखी नऊ हजार कॅलरी पोटात जायला हव्यात, कारण एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. तूप लावलेल्या पुरणपोळीच्या भाषेत हे झालं तीसेक पोळ्यांचं काम. ते कुणी केलेलं नसतं.

पाणी किती वेगाने वर-खाली होतं हे बघायचं तर कुस्तीकडे बघा. 'वजन तोडणं', म्हणजे गटात बसण्यासाठी लढतीआधी वजन उतरवणं, हा शब्द तालमीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या फायनलला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून अपात्र ठरली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दहा तासांत साडेचार किलो चरबी जाळता येत नाही. ते घाम होतं, पाणी होतं, आतड्यातलं वजन होतं, आणि खाण्या-पिण्यासोबत ते परत येतं. (कुणी घरी करून बघू नये. पैलवानांनाही ते फार महागात पडतं.)

बायकांच्या बाबतीत यात पाळीची भर पडते. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींचं वजन एक-दोन किलो वर असतं. तुमच्या ६८.४ आणि ६७.९ या दोन नोंदी पाळीच्या कुठल्या दिवसांतल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिली नोंद पाळी संपल्यावरची आणि दुसरी पाळीच्या तोंडावरची असेल, तर प्रत्यक्षात तुमचं वजन दोन किलोंनीही उतरलेलं असू शकतं. शिवाय नव्याने वजनं उचलायला लागलं की पहिले काही आठवडे स्नायू दुखतात, सुजतात, पाणी धरून ठेवतात. व्यायामाला सरावलेला स्नायू ग्लायकोजेनही जास्त साठवतो. म्हणून जिमच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत काटा हट्टाला पेटल्यासारखा एका जागी राहणं हे मला अजिबात नवं नाही.

आता मशीन. याच्यावर जरा वेळ घालवतो, कारण तुम्हाला झोप लागेनाशी झालीय ती याच्यामुळे.

तुम्ही त्या मशीनवर अनवाणी उभ्या राहता तेव्हा ते जाणवणारही नाही इतका बारीक विद्युतप्रवाह शरीरात सोडतं. स्नायूंत पाऊण हिस्सा पाणी आणि त्यात क्षार, त्यामुळे तिथून प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी फार थोडं, तिथे तो अडतो. अडथळा किती झाला हा एकच खरा मोजलेला आकडा. त्यावरून शरीरात पाणी किती असेल याचा अंदाज, मग चरबी सोडून उरलेल्या शरीराचा ७३ टक्के भाग पाणीच असतो असं धरून त्याचं वजन, आणि ते एकूण वजनातून वजा केलं की फॅट. या सूत्रात तुमची उंची, वय, स्त्री की पुरुष हेही घातलेलं असतं. आमच्याकडे फडात उसाच्या रसाचा ब्रिक्स बघून उताऱ्याचा अंदाज बांधतात तसंच हे आहे: मोजला रसाचा दाटपणा, बोलायचं साखरेबद्दल, आणि आदल्या दिवशी पाणी पाजलं असेल तर आकडा वेगळा.

या पद्धतीने निघालेला फॅटचा टक्का एका माणसाच्या बाबतीत खऱ्यापेक्षा तीन-चार टक्के इकडेतिकडे असणं सहज शक्य आहे. तुमचा सगळा बदल ०.९ टक्क्याचा आहे. तेवढा फरक एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी उभं राहिलात तरी पडेल.

आणि तुमच्या बाबतीत तो पडलाच आहे. तुम्ही जे दोन कागद चिकटवलेत ते मी मोठे करून बघितले. पहिल्यावर वेळ आहे संध्याकाळी ७.४०, दुसऱ्यावर सकाळी ६.२५. दिवसभर खुर्चीत बसून पायात पाणी उतरतं. तुमच्या जिममधलं मशीन फक्त तळव्यांना स्पर्श करणारं आहे, प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. पायात पाणी जास्त म्हणजे अडथळा कमी, म्हणजे फॅट कमी दाखवणार. सकाळी रात्रभर पाणी न पिता गेलात की बरोबर उलट. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: पहिल्या कागदावर उंची १६० टाकली आहे, दुसऱ्यावर १५८. या सूत्रांत उंचीचा वर्ग येतो. १६० चा वर्ग २५,६००, १५८ चा २४,९६४, म्हणजे अडीच टक्के कमी. कागदाप्रमाणे तुमचं चरबीविरहित वजन ४३.६ वरून ४२.७ वर आलं, साधारण ९०० ग्रॅम गेले. त्यातले अर्धा-पाऊण किलो तर नुसते त्या दोन सेंटिमीटरनी खाल्ले असावेत. उरलेलं वेळेच्या फरकाने. ज्याला ट्रेनर 'मसल जळताहेत' म्हणतोय ते बरंचसं काउंटरवरच्या पोराने उंची कशी टाकली त्यावर अवलंबून होतं.

आणखी एक मुद्दा आहे. आपलं धड शरीराच्या जवळपास निम्म्या वजनाचं. पण विजेच्या एकूण अडथळ्यात धडाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो, कारण ते जाड आणि आखूड आहे. अडथळा मुख्यतः हातापायांचा. तुमची चरबी उतरली कुठून? पोटावरून. म्हणजे हात-पाय दोन्ही धरायची महागडी मशीन घेतली तरी जिथे बदल झाला तो भाग तिला सर्वांत कमी दिसतो, आणि तुमच्या जिममधलीला तर जवळजवळ नाहीच.

त्या 'शरीराचं वय ५३' ची काळजी मनातून काढा. चरबीविरहित वजनाच्या अंदाजावरून रोजच्या कॅलरीचा अंदाज, तो कंपनीच्या तक्त्यातल्या कुठल्या वयाच्या सरासरीशी जुळतो ते बघून छापलेला आकडा. 'व्हिसरल फॅट ११' (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) हेही असंच, पोटाच्या आत कुणी डोकावलेलं नाही. हाडांचं वजन, मसल टक्के, सगळं त्याच एका अडथळ्याच्या आकड्याची पिल्लं.

मशीन वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. वापरायचं तर एकच मशीन, सकाळी उपाशीपोटी, शौचाला जाऊन आल्यावर, व्यायामाच्या आधी, उंची-वय तेच टाकलंय हे बघून, सहा-आठ आठवड्यांतून एकदा. तीन-चार नोंदी एकाच दिशेने गेल्या तर त्या दिशेला थोडा अर्थ. गरोदरपणात आणि पेसमेकर असेल तर अजिबात उभं राहू नका.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी डेक्सा स्कॅन करा असं सुचवलंय. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि बाकीचा भाग वेगळा काढणारी ती तपासणी या सगळ्यांत बरी. पण तिथेही शरीरातलं पाणी 'लीन'च्या, म्हणजे चरबी नसलेल्या भागाच्या, खात्यात मोजलं जातं, आणि तुम्हाला जो निर्णय घ्यायचाय त्यासाठी ती लागत नाही. पैसे ठेवा.

आता अर्ध्या किलोत कंबर सहा सेंटिमीटरने कशी काय उतरते? 'मसल फॅटपेक्षा जड असतो' असं जिममध्ये सांगतात. किलो तो किलो, जड-हलकं काही नाही. फरक जागेचा. चरबीची घनता साधारण ०.९, स्नायूची १.०६. समजा या बारा आठवड्यांत तुमची दोन किलो चरबी गेली आणि दीड किलो स्नायू, पाणी, ग्लायकोजेन मिळून आलं. काटा म्हणणार अर्धा किलो. पण गेलेल्या चरबीने २.२ लिटर जागा सोडली आणि आलेल्याने १.४ लिटर घेतली. आठशे मिलिलिटर तर असेच कमी झाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चरबी गेली पोटावरून आणि भर पडली मांड्या, कुल्ले, पाठ इथे. त्यामुळे कंबरेवर नुसती वजाबाकीच दिसते. हे दोन आणि दीड माझे धरलेले आकडे आहेत, तुमचे नेमके कुणीच सांगू शकणार नाही. पण चाळिशीतली नवीन सुरू केलेली बाई, थोडं जास्त वजन, आठवड्याला चार दिवस वजनं उचलते, अशा केसमध्ये हे होताना मी पुष्कळदा बघतो. त्यातलं 'आलेलं' सगळं स्नायूच असतं असं मात्र नाही. पहिल्या तीन महिन्यांत त्यात पाण्याचा हिस्सा मोठा असतो.

लेग प्रेसबद्दलही तेच. ४० वरून ९० म्हणजे स्नायू सव्वादोनपट झाले असा अर्थ कुणी काढू नये. पहिले सहा-आठ आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा तेच स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून. शिवाय सुरुवातीला आपण घाबरून कमी वजन लावलेलं असतं. पण एवढं नक्की की ज्या बाईचे स्नायू जळताहेत तिची ताकद बारा आठवडे सलग चढत नाही. स्नायू जाताना आधी शेवटच्या सेटमध्ये दम सुटतो, मग नेहमीचं वजन जड लागतं. तुमच्या नोंदींत ते कुठेच नाही.

म्हणजे माझं सगळं मत टेकलंय टेपवर आणि त्या जीन्सवर. मग टेप कितपत भरवशाची?

इथे मला तुमच्याबद्दल थोडी शंका आहे, राग मानू नका. तुम्ही 'बेंबीपाशी' असं लिहिलंय. बेंबी प्रत्येकीची वेगळ्या ठिकाणी असते आणि पोट उतरलं की ती स्वतःच खाली-वर सरकते. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, कुशीच्या रेषेवर. बोटाने दोन्ही हाडं चाचपा, पेनाने दोन टिंबं काढा, मधोमध तिसरं. टेप जमिनीला समांतर हवी. पाठीमागे ती हमखास खाली घसरते, म्हणून आरशासमोर उभ्या राहा किंवा कुणाला तरी बघायला सांगा. पोट आत ओढायचं नाही. साधा श्वास सोडा आणि सुटल्यावर वाचा. टेप कातडीला टेकलेली, रुतलेली नको. दोनदा मोजा, सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. मोजायचं सकाळी, काही खाण्याआधी. आणि घरातली शिलाई मशीनच्या डब्यातली जुनी कापडी टेप आधी मुलांच्या स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघा. वापरून वापरून त्या ताणल्या जातात.

बेंबीपाशी, वेगवेगळ्या श्वासात मोजल्याने फार तर दोन सेंटिमीटरची चूक धरू. ती तुमच्या विरोधात वजा केली तरी चार सेंटिमीटर उरतात. आणि जीन्स हा वेगळा साक्षीदार आहे, तिला टेपशी देणंघेणं नाही. फक्त ती ताणणाऱ्या कापडाची नसावी. लेगिंग, इलॅस्टिकची सलवार, नाडीचा परकर यांवरून काही ठरवू नका, ते कुणालाही बसतात. जीन्स कमरेला सैल आणि मांडीला तशीच किंवा जरा घट्ट वाटत असेल तर माझ्या अंदाजाला आणखी बळ मिळतं. कंबर, मांडी, दंड सगळंच सैल झालं असेल तर चरबी गेलीच, पण स्नायूंची भर फारशी नसेल. तेही वाईट नाही.

चिमट्याने कातडीची घडी मोजणारा, म्हणजे कॅलिपर वापरणारा माणूस तुमच्या गावात असेल तर तो उपयोगी पडू शकतो. अट दोनच: दर वेळी तोच माणूस, आणि टक्के न काढता सगळ्या घड्यांच्या मिलिमीटरची बेरीज लिहून ठेवायची. टक्के काढायचे म्हणजे घडीवरून घनता आणि घनतेवरून फॅट, अंदाजावर अंदाज.

आता यजमानांचं. तुम्ही लिहिलंय, त्यांची उंची १६८, वजन ६४, पण शर्टाच्या बटणांमधून पोट दिसतं आणि कंबर ९६. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर २२.७. भारतीयांसाठी धरलेल्या मर्यादेत, म्हणजे १८.५ ते २२.९ मध्ये, तो बसतो. कागदावर साहेब फिट. पण भारतीय पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आहे, बायकांची ८०. यावर आपल्या पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्याआधी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवर त्यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी, सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण आपल्या बाळांत मार खाल्लेला होता तो स्नायूंनी. चरबी त्या मानाने टिकून होती. हातपाय काटक्या आणि पोट पुढे, ही आपली जुनी ठेवण आहे, आणि मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो त्याचं एक कारण तीच. तेव्हा यजमानांना चिडवायचं राहू द्या, त्यांची उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही तपासून घ्या.

उलट टोकाची गोष्टही जुनी आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत वेल्हॅम आणि बेंकी या दोघांनी २५ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडू पाण्यात बुडवून त्यांची घनता मोजली. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण सैन्याला नालायक ठरत होते. प्रत्यक्षात अंगावर चरबी कमी आणि स्नायू भरपूर.

तुमचा स्वतःचा बीएमआय २७.२ आहे. तोही सोडून द्या असं म्हणणार नाही, तुम्ही खेळाडू नाही. कंबर ८८ ही चांगली प्रगती, पण अजून ८० पर्यंत जायचंय. उंचीच्या निम्म्यापेक्षा कंबर कमी असावी असाही एक सोपा हिशेब आहे, तुमच्यासाठी ७९. तिथे जाईपर्यंत वजनही चार-सहा किलोंनी उतरेल बहुतेक. म्हणजे यापुढे काटा हलायला हवा, फक्त सावकाश. पुढच्या बारा आठवड्यांतही तो इथेच राहिला आणि कंबरही थांबली, तर मात्र जेवणाकडे बघावं लागेल, जिमला दोष देऊन चालणार नाही.

म्हणूनच हजार कॅलरीचा सल्ला मला पटत नाही. वजन झपाट्याने उतरेल, काटा आणि ट्रेनर दोघंही खूश होतील. पण एवढं कमी खाऊन चार दिवस वजनं उचलायची म्हटलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही विकायला काढतं, आणि आज जे होत नाहीये ते खरोखर व्हायला लागेल. रोजच्यातून तीनशे-चारशे कॅलरी कमी करा, एवढंच. बँकेतला चार वाजताचा चहा-फरसाण आणि रात्रीचा दुसरा वाढप यात ते निघतात. प्रथिनं वाढवा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) साध्या माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६ लागतात. तुम्हाला रोज ८० ग्रॅम. नुसत्या वरण-भातातून ते होत नाहीत. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, एका अंड्यात ६, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वडीत २५ च्या आसपास, त्याच्या जोडीला दही, उसळ, दूध. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझं मत कुठे चुकेल तेही सांगतो. थायरॉइडची किंवा रक्तदाबाची गोळी मधल्या काळात सुरू झाली असेल, बदलली असेल, तर पाण्याचं गणितच बदलतं. प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, पायाला सूज राहत असेल, तर इथे विचारत बसू नका, तपासण्या करा. आणि कंबर उतरतेय पण दंड-मांड्या बारीक होताहेत, नेहमीची वजनं जड लागताहेत असं कधी दिसलं, तर ट्रेनर म्हणतो ते खरं व्हायला लागलंय असं समजा.

पुढचे तीन महिने एवढंच ठेवा. वजन आठवड्यातून तीन-चार सकाळी, आणि बघायची फक्त आठवड्याची सरासरी, तीही मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी. कंबर, कुल्ले, मांडी, दंड दर दोन आठवड्यांनी, वर सांगितलं तसं. जिमच्या वहीत प्रत्येक सेटचं वजन. महिन्यातून एकदा तीच जीन्स.

पॅकेजचं म्हणाल तर ट्रेनरशी भांडू नका. त्याला दोन्ही कागद दाखवा, वेळ आणि उंचीवर बोट ठेवा आणि विचारा की एकाच वेळी, एकाच उंचीने पुन्हा मोजशील का. चांगला पोरगा असेल तर स्वतःच हसेल आणि तुमचा प्रोग्रॅम पुढे न्यायला लागेल: बसून होणाऱ्या मशीनवरून उभ्याने करायच्या व्यायामांकडे, गॉब्लेट स्क्वॉट, डेडलिफ्ट, वाकून करायचं रोइंग. तरी पॅकेजच पुढे करत राहिला तर दुसरा ट्रेनर बघा, जिम तीच ठेवा. तुमच्या घराजवळ आहे आणि सकाळी सहाला उघडते, हे तुम्हीच लिहिलंय.